अडीच इंचांची बंदूक, पावणेतीन इंचांचे काडतूस

खंडेनवमीची सकाळ होती. बाबाजीपुऱ्यातल्या एका स्नेह्यांच्या वाड्यात शस्त्रपूजा मांडली होती. पाटावर दोन तलवारी, एक कट्यार आणि त्यांच्या शेजारी एक दुनळी बंदूक. तलवारींना झेंडूची माळ, बंदुकीच्या दस्त्यावर हळदकुंकवाची बोटे. ही बंदूक यजमानांच्या आजोबांनी घेतली तेव्हा बडोद्यावर सयाजीराव महाराजांचे राज्य होते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याचे नाव कोरलेले, अक्षरांतली चकाकी अजून शाबूत.

आरती झाली. घरातला तिशीतला मुलगा काडतुसांची नवी पेटी घेऊन आला. दसऱ्यानंतर शेतावर एकदा बार काढून पाहावा असे त्याच्या मनात होते. उघड्या बंदुकीच्या उजव्या नळीत त्याने एक काडतूस सोडले. ते अलगद जाऊन कडेशी टेकले. "काका, अगदी बरोबर बसलं की!" तो म्हणाला. बंदूक मिटण्याआधी मी त्याचा हात धरला आणि काडतूस बाहेर काढायला लावले. घरात बंदूक भरायची नसते हे एक कारण होतेच. दुसरे कारण पेटीवर छापलेले होते: ७० मि.मी., ३६ ग्रॅम.

हा लेख त्या दुसऱ्या कारणाबद्दल आहे. बडोद्यात आणि एकूणच जुन्या संस्थानी गावांत अशा बंदुका शेकडो घरांत असतील. बंदूक वारशाने येते, परवानाही रीतसर नावावर होतो. तिला कोणते काडतूस चालते हे ज्ञान मात्र मागच्या पिढीबरोबर निघून जाते.

या बंदुका आल्या कुठून

बडोदे दरबाराला शिकारीचा शौक जुना. खंडेराव महाराजांनी मकरपुऱ्याचा वाडा बांधला तो शिकारीसाठीच, आणि पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवणे ही बडोद्याची ख्याती होती. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यास आले तेव्हा त्यांच्यासाठीही हा बेत झाला. त्याच वर्षी सयाजीराव गादीवर आले आणि १९३९ पर्यंत राज्य केले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही चौसष्ट वर्षे फार महत्त्वाची आहेत. ठासणीच्या बंदुका मागे पडून मागून काडतूस भरायच्या बंदुका रूढ झाल्या, काळ्या दारूची जागा धूर न करणाऱ्या नायट्रो दारूने घेतली, बाहेर घोडे असलेली दुनळी जाऊन आत घोडे असलेली आली, ते सगळे याच काळात. सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यांत म्हणूनच तिन्ही पिढ्यांच्या बंदुका शेजारी शेजारी सापडतात.

लंडनच्या नामांकित कारागिरांची बंदूक थोड्यांनाच परवडे. बहुतेकांकडे बर्मिंगहॅमची किंवा बेल्जियमच्या लीज गावची बंदूक आली, आणि तिच्यावर नाव असे ते मॅंटन किंवा रॉडा अशा कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचे. त्यामुळे पट्टीवरचे नाव बहुधा विकणाऱ्याचे असते. बंदुकीची खरी जन्मकुंडली नळ्यांच्या पोटावर कोरलेली असते, आणि तिकडे आपण वळणारच आहोत.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले. ते संपले हे उत्तमच झाले. याच घराण्यातले फत्तेसिंगराव गायकवाड वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचे पहिले अध्यक्ष होते, ही बडोद्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण शिकारखाना बंद झाला तशी काडतुसांची पारख असलेली माणसेही गेली. आज परवान्यावर '१२ बोर डीबीबीएल' (म्हणजे मागून भरायची दुनळी) आणि बंदुकीचा क्रमांक लिहिलेला असतो. चेंबरची लांबी तिथे सहसा नसते. दुकानात '१२ बोर' मागितले की १२ बोर मिळते, आणि गोंधळ सुरू होतो तो इथेच.

लांबी मोजायची कशाची

शुद्ध शिशाच्या एका पौंडात नळीच्या मापाच्या बारा गोळ्या बसल्या की ती १२ बोरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मि.मी. येतो. बोर म्हणजे फक्त रुंदी. लांबीचे माप वेगळे, आणि ते चेंबरचे असते. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतुसासाठी कोरलेले घर. हे घर नळीपेक्षा किंचित रुंद असते. ते संपले की एक निमुळता गळा लागतो आणि तिथून खरी नळी सुरू होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी १२ बोर बंदुकीचे चेंबर बहुतकरून अडीच इंचांचे असे, म्हणजे साडेत्रेसष्ट मि.मी. युरोपात याच वर्गाला ६५ मि.मी. म्हणतात. हलक्या बंदुका दोन इंचांच्याही निघत. आजचे सर्वसाधारण चेंबर पावणेतीन इंचांचे, ७० मि.मी.चे, आणि मॅग्नमचे तीन इंचांचे, ७६ मि.मी.चे.

काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडलेल्या नळकांड्याची असते. त्या दिवशी वाड्यात मी कोरे काडतूस आणि आधी उडवलेले त्याच जातीचे रिकामे नळकांडे शेजारी उभे केले. कोऱ्या काडतुसाचे तोंड फुलाच्या पाकळ्यांसारखे आत दुमडलेले होते. त्याची उंची भरली जेमतेम ५८ मि.मी. रिकामे नळकांडे पुरते सत्तर. मुलाने पट्टी दोनदा लावून पाहिली. अडीच इंचांच्या चेंबरमध्ये ५८ मि.मी.चे काडतूस आरामात बसणारच. बार होतो त्या क्षणी पाकळ्या उघडतात आणि तोंडाकडचे पाच-सहा मि.मी. प्लॅस्टिक त्या निमुळत्या गळ्यात जाऊन पसरते. छर्रे आणि त्यांच्यामागचा डाट ज्या वाटेने जायचे, ती वाट ऐन वेळी अरुंद होते. काडतूस आत जाते यावरून ते चालते असे म्हणता येत नाही, ते एवढ्यासाठी.

जाणकारांची दोन मते

यावर शंभर वर्षे चर्चा चालू आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे.

पहिले मत कडक आहे. चेंबरपेक्षा लांब काडतूस कधीही, कोणत्याही कारणाने वापरू नये. गळ्यात अडथळा आला की दाब वाढतो आणि वाढलेला दाब अशा जागी बसतो जिथे नळीची भिंत पातळ होत जाते. ती जागा डाव्या हाताच्या पंजाच्या अगदी जवळ असते.

दुसरे मत प्रयोगातून आले. हिंदुस्थानात वापरायच्या रायफलींवर पुस्तक लिहिणारे मेजर जेराल्ड बरार्ड यांनी शॉटगनवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह केला. पुढे पाकळ्यांच्या घडीचे तोंड रूढ झाले तेव्हा इंग्रजी कारखान्यांनी लांब नळकांड्याची, पण अडीच इंचांच्या बंदुकीला झेपेल एवढ्याच दाबाची काडतुसे काढली आणि पेटीवर तसे स्पष्ट छापले. अमेरिकेत 'डबल गन जर्नल' या नियतकालिकात शर्मन बेल यांनी आखूड चेंबरमध्ये लांब काडतुसे उडवून दाब मोजले. केवळ लांबीमुळे होणारी वाढ समजतात त्यापेक्षा बरीच कमी आहे, असे त्यांना आढळले. आजचे प्लॅस्टिक जुन्या जाड कागदापेक्षा पातळ असते आणि प्लॅस्टिकचा डाट दबून वाट काढतो, हे त्याचे एक कारण.

मग कोणाचे ऐकावे? माझ्या मते दुसऱ्यांचा प्रयोग खरा आहे आणि आपल्या घरासाठी पहिल्यांचा नियम खरा आहे. प्रयोगातल्या बंदुका तपासलेल्या होत्या, काडतुसांचा दाब माहीत होता, उडवताना कोणी जवळ उभे नव्हते. आपल्या कपाटातल्या बंदुकीबद्दल यातले आपल्याला काहीच माहीत नसते. शिवाय त्या प्रयोगाचा मुख्य धडा वेगळाच आहे. लांबीपेक्षा मोठा धोका दाबाचा आणि छऱ्यांच्या वजनाचा असतो, आणि ७० मि.मी.च्या काडतुसात हे दोन्ही बहुधा जास्त असतात.

दाब आणि धक्का

आजच्या आंतरराष्ट्रीय सीआयपी मानकाप्रमाणे १२ बोरच्या साध्या काडतुसाचा सरासरी कमाल दाब ७४० बार (इथे बार हे दाबाचे एकक), तर जोरदार काडतुसाचा १०५० बारपर्यंत जाऊ शकतो. जुन्या इंग्रजी नळ्यांवर १९५४ नंतर दाब टनांत कोरत. अडीच इंचांच्या बंदुकीवर बहुधा दर चौरस इंचाला ३ टन, पावणेतीन इंचांच्या बंदुकीवर सव्वातीन टन. हे टन तांब्या-शिशाचे ठोकळे चेपवून मोजलेले, आजचे बार विद्युत मापकाने मोजलेले. साधी त्रैराशिके मांडून एकाचे दुसरे करता येत नाही. इंटरनेटवर सापडलेल्या आकड्याशी नळीवरचा आकडा जुळवू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता धक्का. बर्मिंगहॅमचे बंदूकनिर्माते ग्रीनर यांचा जुना ठोकताळा असा की बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. अडीच इंचांच्या इंग्रजी काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असत. ३० गुणिले ९६ म्हणजे २.८८ किलो, आणि त्या काळची चांगली दुनळी पावणेतीन-तीन किलोंचीच भरते. तीत ३६ ग्रॅमचे काडतूस घातले तर ठोकताळ्याने बंदूक जवळजवळ साडेतीन किलोंची हवी. नळी त्या बाराने फुटेलच असे नाही. पण दस्त्याचे शंभर वर्षांचे अक्रोडी लाकूड मानेशी चिरते, नळ्या आणि मागचा ठोकळा यांची पकड सैल होते, आणि एक दिवस बंदूक मिटल्यावर हलवली की खुळखुळते. उत्तम बंदुकांचा शेवट असाच होतो, सावकाश.

उलट गैरसमजही सांगितला पाहिजे. छर्रे कमी म्हणजे दाब कमी, असे नसते. नेमबाजीच्या स्पर्धांतले काडतूस नियमाने २४ ग्रॅमचे असते, पण ते वेगासाठी भरलेले असते आणि त्याचा दाब चांगलाच चढा असू शकतो. छऱ्यांचे वजन धक्क्याबद्दल सांगते. दाब दारूवर ठरतो.

नळी वाचायला शिकावे

पुढचा लाकडी भाग काढला की नळ्या वेगळ्या होतात. त्या पालथ्या करून मागच्या सपाट पोटावर उजेड पाडावा. इथे मुकुटाखालची अक्षरे आणि आकडे दिसतात. लंडनला १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्या जास्त दाबाने तपासून शिक्का मारण्याची पद्धत आहे. १८९६ ते १९०४ या काळातल्या बर्मिंगहॅमच्या नळ्यांवर 'नायट्रो प्रूफ' हे शब्दच सापडतात, पुढे मुकुटाखाली 'एनपी' येते. असा शिक्का नसेल तर ती नळी काळ्या दारूची समजावी आणि आजचे काडतूस तिला दाखवूही नये.

१९२५ नंतरच्या इंग्रजी नळीवर चेंबरची लांबी स्पष्ट कोरलेली असते: २½, २¾ किंवा ३. त्याआधीच्या नळीवर चौकटीत १२ आणि खाली 'सी' हे अक्षर दिसते. पुष्कळ लोक इथे फसतात. त्या 'सी'चा अर्थ चेंबर तीन इंचांपेक्षा आखूड आहे, एवढाच. ते अडीच की पावणेतीन हे त्यातून कळत नाही. लीजच्या बंदुकीवर लंबगोलात 'ईएलजी' असते आणि लांबी असलीच तर मिलिमीटरमध्ये. 'नॉट फॉर बॉल' असे शब्द दिसले तर पुढे आवळलेल्या त्या नळीतून अखंड गोळी चालवायची नाही, हा १८७५ नंतरच्या काळातला इशारा आजही तितकाच लागू आहे.

शिक्का मात्र नळी तपासली त्या दिवसाचा असतो. त्यानंतर कोणी चेंबर लांब कोरून घेतले असेल, कोणी गंज काढताना नळी आतून घासली असेल. चेंबर कोरले की नेमकी गळ्याजवळची भिंत पातळ होते. इंग्लंडमध्ये अशी बंदूक पुन्हा तपासून घेतल्याशिवाय विकताच येत नाही. म्हणून शिक्का वाचूनही चेंबर मापकाने मोजावे आणि नळीच्या भिंतीची जाडीही जाणकाराकडून मोजून घ्यावी. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ झालेली भिंत धोक्याची मानतात.

जौहरदार, म्हणजे दमास्कस नळ्यांचा विषय नाजूक आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या या नळ्या. त्यांवरची नक्षी पाहून आपल्याकडे त्यांना तलवारीच्या पात्याचा मान मिळतो. चांगल्या दमास्कस नळ्या नायट्रो परीक्षेत उतरल्याची उदाहरणे आहेत. त्या बदनाम झाल्या त्यामागे एक कारण होते: काळी दारू जिथे पाच ग्रॅमच्या वर लागे तिथे नायट्रो दारू दोन ग्रॅमच्या आसपास पुरते, आणि अजाण माणसांनी जुन्याच मापाने नवी दारू भरली. तरीही सांध्यांच्या आत शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही. घरच्या जौहरदार नळीला मी स्वतः काडतूस लावणार नाही, आणि कोणाला लावू द्यायचा सल्लाही देणार नाही.

दुकानात काय मागावे

आपल्याकडे निवडीला फारसा वाव नाही. परदेशी काडतुसे आणण्याची मुभा नामवंत नेमबाजांना असते. बाकीच्यांची भिस्त मुख्यतः देशी मालावर, आणि त्यात 'केएफ' ही खूण जुनी. १८६९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ती खूण. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. दुकानदाराला '१२ बोर' एवढेच न सांगता लांबी आणि वजन सांगावे. पेटीवर ६५ आणि २८ ते ३० ग्रॅम असे असेल तरच आखूड चेंबरच्या, नायट्रो शिक्क्याच्या, निरोगी बंदुकीसाठी ती घ्यावी. लांबी छापलेली नसेल, नुसते 'एक्स्प्रेस' किंवा 'मॅग्नम' असे भारी नाव असेल, तर पेटी परत करावी. पोलादी छऱ्यांची काडतुसे जुन्या नळीला वर्ज्य. ते छर्रे शिशासारखे दबत नाहीत आणि पुढच्या आवळलेल्या तोंडाशी नळीला इजा करतात.

आजोबांच्या पेटीत उरलेली कागदी काडतुसे हा मोहाचा दुसरा मार्ग. ती मापाने बरोबर असतात, म्हणूनच फसवतात. कागद पावसाळ्यात फुगतो, टोपी मंदावते. अर्धवट पेटलेल्या दारूने डाट नळीतच अडकतो, आणि मागून दुसरा बार झाला की नळी फुटते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातल्या कितीतरी घरांत शिरले. त्या पाण्यात भिजलेली काडतुसे वाळवून ठेवली असतील तर ती वापरू नयेत. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना विचारून रीतसर जमा करावीत.

अडथळा बाहेरूनही येतो. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि कपाटात वर्षभर पडलेली बंदूक तिला फार आवडते. प्रत्येक वेळी नळीतून आरपार उजेड पाहिल्याशिवाय काडतुसाला हात लावू नये. घरात २० बोरची बंदूकही असेल तर दोन्हींची काडतुसे एका खिशात कधीच ठेवू नयेत. २० बोरचे काडतूस १२ बोरच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकते, वरून १२ बोरचे बसते, आणि पुढचे कोणाच्या लक्षात येत नाही. २० बोरची काडतुसे पिवळी रंगवतात ती या अपघातापायी.

कायद्याची चौकट

१९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका, वारशाने आलेल्याही त्यातच धरून, आणि परवान्याची मुदत पाच वर्षे. लग्नावरातीत हर्षाने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा आता शिक्षापात्र गुन्हा आहे. बंदूक दुरुस्त करणे, तपासणे, तिच्यात बदल करणे ही परवानाधारक कारागिराची कामे आहेत. म्हणून चेंबर लांब करून घेण्याचा किंवा घरी हलके काडतूस भरण्याचा विचार मनातून काढून टाकावा. दोन्ही बेकायदा आणि दोन्ही घातक. या दुरुस्तीमुळे बऱ्याच घरांना कोणती बंदूक ठेवायची हे ठरवावे लागले. ज्यांनी नळीवरचे शिक्के वाचून ठरवले त्यांनी शहाणपणा केला.

वाड्यातल्या बंदुकीचे काय झाले

त्या दिवशी आम्ही नळ्या पालथ्या केल्या. शिक्का स्वच्छ होता: मुकुटाखाली एनपी, १२, आणि शेजारी २½. पेटीतले काडतूस तिच्यासाठी कधीच नव्हते. पुढे परवानाधारक कारागिराने नळ्या मोजल्या. उजवी चांगली निघाली. डाव्या नळीत गळ्याच्या पुढे गंजाचे खळगे होते. आजोबांच्या वेळेपासून ती बंदूक भिंतीला डाव्या अंगाने टेकवून ठेवत, असे आजींना आठवले. एक नळी खराब म्हणजे बंदूक खराब, कारण गडबडीत कोणता चाप ओढला जाईल हे सांगता येत नाही.

मुलाने पेटी दुकानात परत केली. मग बंदुकीच्या चामडी पेटीत आतल्या बाजूला त्याने एक जाड कार्ड चिकटवले. त्यावर स्वच्छ मराठीत लिहिले: 'चेंबर अडीच इंच. ७० मि.मी. काडतूस घालू नये. डावी नळी खराब, बार काढू नये. फक्त पूजेसाठी.' खाली तारीख आणि आपले नाव. पणजोबांनी असे एखादे कार्ड ठेवले असते तर त्या सकाळी मला कोणाचा हात धरावा लागला नसता. पुढच्या खंडेनवमीला हे कार्ड वाचणारा कदाचित आज जन्मलेलाही नसेल. त्याच्यासाठी ते लिहिलेले आहे.